करवंदीच्या जाळीतले दोन कान

रुचिताने तो फोटो पाठवला तेव्हा आई स्वयंपाकघरात पापडाची भाजी करत होती आणि पद्मावती आज्जी बाहेरच्या खोलीत जपमाळ ओढत बसली होती. घरात इतकी शांतता होती, की पुढे झालेला सगळा घोळ याच घरातून सुरू झाला यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं. या दहा दिवसांत कसबा बावड्यातल्या चौगुल्यांच्या घरात हिरवं पान शिरत नाही. मेथी-पालक सोडाच, कढीवरची कोथिंबीरसुद्धा रजेवर जाते. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात आणि रोज एकेक धर्म पाळायचा असतो. त्या दिवशी होता उत्तम मार्दव, म्हणजे गर्व सोडायचा दिवस. आणि नेमका त्याच दिवशी रुचिताकडे असा फोटो होता, की तो जवळ असताना गर्व न करणं म्हणजे भरल्या ताटावरून उपाशी उठण्यासारखं होतं.

फोटोत करवंदीची दाट जाळी होती, मागे लांबवर पाण्याची एक टाकी. जाळीच्या बुडाशी मातकट रंगाचं एक अंग, जरा मान वळवून बसलेलं. मानेवर काळा डाग. आणि वर दोन ताठ, टोकदार कान.

"आई, तुझ्या मोबाईलवरून एक फोटो पाठवू?"

"कुणाला?"

"मॅडमना."

"पाठव की. त्यात काय विचारायचं."

रुचिताने मॅडमना पाठवला. मग वर्गाच्या ग्रुपवर पाठवला. मग बोट आपोआप खाली सरकत गेलं. चौगुले परिवार, सोसायटीतल्या महिला, आईचं भिशी मंडळ. एक ग्रुप जुन्या फ्रिजच्या खरेदी-विक्रीचा होता, त्यालाही तिने वंचित ठेवलं नाही.

गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी वर्गात 'हजर' म्हणायलासुद्धा शेजारच्या अनुजाला कोपर मारायची, की तू म्हण. नववीत संयोगिता मॅडम विज्ञान शिकवायला आल्या, त्यांनी तिला एकदा पुढे बोलावून धडा वाचायला लावला, आणि टाकीचा नळ तुटावा तसं झालं. आता तिला थांबवायला मॅडमना हात वर करावा लागायचा. म्हणून मॅडमनी प्रकल्प दिला, तेव्हा सगळ्यात आधी रुचिताच उठली. एकाच माळावर राहणारी एक वनस्पती आणि एक प्राणी घ्यायचा, आणि दोघं कसे तग धरतात याची तुलना करायची, असा तो प्रकल्प होता.

राजवीरने ऊस आणि उंदीर घेतला.

"ऊस माळावर नसतो, राजवीर," मॅडम म्हणाल्या.

"आमच्यात असतोय, मॅडम. नदीचं पाणी वर नेलंय."

रुचिताने करवंद आणि ससा घेतला, आणि एका रात्रीत तक्ता तयार केला. करवंद सदाहरित, ससा सदा घाबरलेला. करवंदीला काटे, सशाला पाय. करवंद संकटाला टोचतं, ससा संकटाला पाठ दाखवतो. शेवटी तिने लाल पेनाने निष्कर्ष लिहिला होता: 'दोघांत ससा श्रेष्ठ, कारण तो हलतो. करवंद नुसतंच उभं असतं.'

"निष्कर्षाची घाई झालीय तुला," मॅडम म्हणाल्या. "पण विषय चांगला आहे. ससा पकडून आणायचा नाही हां, गुन्हा आहे तो. लांबून फोटो काढून आणलास तर जिल्ह्याच्या प्रदर्शनाला तुझंच नाव देते. आणि जागेची नोंद काटेकोर लिही."

म्हणून रविवारी पप्पांच्या मागे स्कूटरवर बसून रुचिता आणि अनुजा हातकणंगल्याजवळच्या शेतावर गेल्या. पप्पा मोटारीचं बघायला विहिरीकडे गेले आणि या दोघी मागच्या माळावर चढल्या. नाल्याच्या पलीकडे मोठी जाळी होती, आणि त्या जाळीत ते दोन कान.

"हलंना कसं गं त्ये?" अनुजाने कुजबुजत विचारलं.

"गप. धोका दिसला की ससा आधी दगडासारखा बसतो. वाचलंय मी."

"पर ह्यो लईच बसलाय की. मी शिंकलो तरी बसलाय."

"अनुभवी असणार."

तर हा तो फोटो. आणि त्याच्याखाली मॅडमच्या सांगण्याप्रमाणे काटेकोर नोंद: 'भारतीय ससा. ठिकाण: हातकणंगल्याच्या अलीकडचा माळ. आकाराम तात्यांच्या पाण्याच्या टाकीपासून सरळ वर, नाला ओलांडला की समोरची सगळ्यात मोठी करवंदीची जाळी. छायाचित्र: रुचिता चौगुले. सहकार्य: अनुजा.'

संध्याकाळपर्यंत अंगठ्यांचा आणि फुलांचा पाऊस पडला. मॅडमनी लिहिलं, 'अभिमान वाटतो.' भिशीतल्या काकूंनी आईला लिहिलं, 'दीपा, पोरगी मोठी शास्त्रज्ञ होणार बघ.' फ्रिजच्या ग्रुपवर एकाने 'किंमत?' असं विचारलं, तेवढं सोडलं तर सगळं गोड होतं.

दुसऱ्या दिवशी अनुजा शाळेत आली ती तोंड पाडून.

"रुचिता, एक घोळ झालाय. मी बी फोटो आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला. माझं नाव हाय न्हवं खाली."

"मग?"

"उदयदादानं बघितला."

उदयसिंह हा अनुजाचा चुलतभाऊ. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला, गल्लीत चार घरं सोडून राहायचा, आणि त्याने पाळलेलं कुत्रं त्याच्यापेक्षा बारीक होतं.

"बघून काय म्हणाला?"

अनुजाने मोबाईल पुढे केला. फोटोखाली उदयसिंहाने फक्त एक ओळ लिहिली होती: 'तांबड्यात करायचा का पांढऱ्यात?'

त्याच्याखाली भावकीतल्या लोकांनी मतं दिली होती. बहुमत तांबड्या रश्श्याच्या बाजूने होतं. एका वहिनींनी मसाला वाटून ठेवते असं कळवलं होतं.

रुचिताने मोबाईल उलटा करून बाकावर ठेवला. "अगं, गुन्हा आहे तो. सांग त्यांना."

"सांगितलं की. दादा म्हंतोय, कायदा माळावर कुठं असतोय. सुट्टी हाय त्याला ह्या आठवड्यात, तवा जाणार. दोघं-तिघं हाईत संगं, कुत्रं बी हाय. आणि पत्ता तर तूच दिलायस, नाल्यासकट."

"वनखात्याला फोन करू."

"आणि दादाला आत घालतील त्येचं काय? काकी मला घरात तरी घील का?" अनुजाचा आवाज चिरकला. "दुसरं कायतरी काढ. तू हुशार हायस न्हवं?"

हुशार मुलीने घरी येऊन सगळ्या ग्रुपवरचे फोटो पुसले. उपयोग शून्य. तोवर फोटो कुठून कुठे गेला होता. मग तिने अनुजाच्या मोबाईलवरून भावकीच्या ग्रुपवर लिहिलं, की ठिकाण चुकलं, तो माळ पन्हाळ्याकडचा आहे. उदयसिंहाचं उत्तर लगेच आलं: 'मागं आकाराम तात्याची टाकी दिसतीया की. नाव बी वाचाय येतंय.'

आता हे घरात सांगायचं कुणाला? पर्वाच्या दिवसांत ज्या घरात चुलीखालची मुंगीसुद्धा फुंकर मारून बाजूला करतात, त्या घरातल्या मुलीमुळे एक ससा रश्श्यात जाणार होता. हे आईला सांगायचं म्हटलं तरी रुचिताचे कान तापायचे. ती दोन दिवस खाली मान घालून हिंडली. शेवटी, उत्तम सत्याच्या दिवशी सकाळी, मंदिरातून आल्यावर ती आज्जीच्या शेजारी जाऊन बसली.

"आज्जी, एखाद्याचा जीव वाचवायला खोटं बोललं तर चालतं?"

आज्जीने माळ थांबवली नाही. "किती इंद्रियांचा जीव?"

पाठशाळेत हे सगळं घोकून झालेलं होतं. झाडाझुडपाला एक इंद्रिय, मुंगीला तीन, सशाला आणि माणसाला पाच.

"पाच."

"मंग मोठा हाय." आज्जीने दोन मणी ओढले. "ज्या खऱ्यानं कुणाचा जीव जातोय, ते खरं बोलूच नये. गप बसावं."

"आणि आधीच बोलून झालं असलं तर?"

आता माळ थांबली. "काय केलंयस?"

"कुठं काय. शाळेत चर्चा होती."

"चर्चा व्हय," आज्जी म्हणाली, आणि तिने नातीकडे असं बघितलं, की रुचिताने चपला न घालताच शाळेची वाट धरली. कोपऱ्यावरून परत यावं लागलं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने निर्णय घेतला. गप बसायची वेळ टळली होती, म्हणजे उरलं ते खोटं बोलणं. पण खोटं असं बोलायचं, की खुद्द सशालासुद्धा आपण ससा आहोत का असा प्रश्न पडावा.

संध्याकाळी आईच्या मोबाईलवर तिने फोटोवर लाल बाण काढले. आणि सगळ्या ग्रुपवर, अनुजामार्फत भावकीच्या ग्रुपवरही, पाठवलं: 'माझ्याकडून निरीक्षणात मोठी चूक झाली आहे. फोटोत दिसतो तो ससा नसून करवंदीचं वाळलेलं खोड आहे. बाण एक: कान नव्हेत, खोडाला फुटलेली दोन पानं. बाण दोन: मानेवरचा डाग नव्हे, वणव्यात जळालेली साल. बाण तीन: डोळा नव्हे, गाठ. तरी कृपया तिकडे कुणी जाऊ नये. क्षमस्व. रुचिता चौगुले.'

पाठवल्यावर तिला रडू आलं आणि बरंही वाटलं. आपलं नाव धुळीला मिळवून आपण एका मुक्या जिवाला वाचवलं, असं तिने आरशात बघून स्वतःला सांगितलं. आरशातली मुलगी तिला चांगली करारी दिसली.

करारीपणा दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंतच टिकला. वर्गात शिरली तर फळ्यावर झाडू टांगलेला आणि खाली लिहिलेलं: 'वाघ. छायाचित्र: रुचिता चौगुले.' राजवीर पहिल्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होता.

"करवंदे," तो म्हणाला, "माझ्या डब्यात एक हत्ती हाय. बघतीस का? का भेंडी हाय म्हणशील?"

सोसायटीतल्या एका काकूंनी त्यांच्या कुंडीतल्या निवडुंगाचा फोटो पाठवून विचारलं होतं, 'हे साळिंदर तर नाही ना गं?' भिशीतल्या काकूंनी काहीच लिहिलं नव्हतं, आणि ते जास्त लागलं. आई म्हणाली, "अगं, नीट बघून तरी पाठवायचंस. माझ्या मोबाईलवरून गेलंय ते सगळं."

पण हे सगळं तिने गिळलं. गिळता आलं नाही ते मॅडमचं तोंड. मॅडमनी तो फोटो मुख्याध्यापकांना दाखवला होता, इतर शाळांतल्या शिक्षकांना पाठवला होता, आणि आता त्या रुचिताला स्टाफरूमबाहेर बोलावून हळू आवाजात म्हणत होत्या, "चूक होते गं. मीच घाई केली. मलासुद्धा ससाच दिसला." त्यांना लाज वाटत होती आणि ती त्या लपवत होत्या. रुचिताला ओठांवर आलं होतं, की मॅडम, तुमचं बरोबर आहे, तो ससाच आहे. तिने ओठ दातांखाली धरले. एका सशासाठी माणसाने किती सोसायचं, असं तिला पहिल्यांदा वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली.

दुपारी अनुजाने बातमी आणली. "बाकीची गडी गळाली. म्हंतात, खोडाचा रस्सा कोण करतंय. पर दादा जाणार हाय."

"का?"

"म्हंतोय, पोरगी शाणी हाय. एवढं बाण काढून कोण सांगतंय? बनवतीया आपल्याला."

बाण जास्त झाले होते.

उदयसिंहाची सुट्टी त्याच दिवशी होती, आणि तो गेला. शाळेत शेवटचे दोन तास रुचिताला नुसते कान दिसत होते. ती घरी आली तरी काही कळलं नव्हतं. अनुजा मागोमाग आली आणि दोघी पायरीवर बसल्या, जणू दवाखान्याबाहेर बसल्यात. आत आई पानं वाढत होती. ऊन उतरलं होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल थांबली.

उदयसिंह उतरला. त्याच्या शर्टाच्या बाह्या उभ्या फाटल्या होत्या, गालावर ओरखडे होते, आणि कुत्रं त्याच्यापासून चांगलं लांब राहून लंगडत येत होतं. त्याच्या खांद्यावर पोतं होतं. पोत्यात काहीतरी जड होतं, आणि हलत नव्हतं.

"आज्जी हाईत का घरात?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो आत आला.

आज्जी पानावर बसायच्या बेतात होती. दिवसातलं तिचं ते एकमेव जेवण. "उदय व्हय? ये बाळ. पोत्यात काय हाय?"

"ससा हाय, आज्जी. तुमच्या रुचिताचा."

आईच्या हातातला डाव कढीत बुडाला. आज्जीने भिंतीला हात लावला आणि ती डोळे मिटून णमोकार मंत्र पुटपुटायला लागली. मग एक डोळा उघडून तिने विचारलं, "जित्ता हाय का?"

"आता कसला जित्ता."

एवढ्यावर रुचिताचा बांध फुटला. ती आज्जीच्या पायाशी बसली आणि हुंदके देत सगळं ओकून मोकळी झाली. "आज्जी, माझ्यामुळं मेला त्यो. मी गर्वानं फोटो पाठवला, पत्ता दिला. मग वाचवायला खोटं बोल्लो. खोड हाय म्हणून सगळ्यांस्नी सांगितलं. मॅडमना बी फसवलं. त्यो ससाच होता, आज्जी. मला म्हाईत होतं. उत्तम सत्याच्या दिवशी मी खोटं बोल्लो आणि तरीबी वाचला न्हाय."

 उदयसिंह खांद्यावरचं पोतं तसंच धरून उभा होता.

"ससाच होता?" त्याने सावकाश विचारलं.

"हो."

"मंग ह्ये काय हाय?"

त्याने पोतं उलटं केलं. घरंगळत फरशीवर आलं ते करवंदीचं वाळलेलं खोड. हातभर लांब, मातकट, जरा मान वळवल्यासारखं. मानेवर जळालेल्या सालीचा काळा डाग. कडेला डोळ्यासारखी गाठ. आणि वर, प्रवासात जरा चुरगळलेली, पण तरीही ताठ, दोन पानं.

अनुजाने रुचिताच्या आईचा मोबाईल उचलला, बाणांचा फोटो उघडला, खोडाशेजारी धरला. बाण एक, बाण दोन, बाण तीन. सगळे आपापल्या जागी होते.

"हा तो नाही," रुचिता म्हणाली. रडता रडता तिचा आवाज एकदम वर्गातला झाला. "हा दुसरा आहे. तो हलला होता. म्हणजे हलला नव्हता, पण बसला तर सशासारखाच होता."

"अगं बये, नाल्याच्या पलीकडची मोठी जाळी, तूच लिहिलंयस. तिथंच होतं ह्ये, त्याच जागी. बाण बघून बघून पटवून घेतलं मी. कुत्रं आत घुसलं आणि काट्यात अडकलं. त्याला काढाय निम्मी जाळी तोडली. वाटलं, पोरीचं खरं होतं, आपुण उगा संशय घेतला, म्हणून खोड दाखवाय आणलं. गंमत म्हणून." उदयसिंहाने ओरखड्यावरून हात फिरवला. "आणि तू म्हंतीस, तुझं खोटं होतं?"

रुचिताने खोडाकडे बघितलं. खोडही, जरा मान वळवून, तिच्याकडे बघत होतं. आपण चार दिवस जळलो, आरशासमोर करारी चेहरे केले, मॅडमना दुखवलं, ते एका लाकडासाठी. बलिदान म्हणावं तर ज्याच्यासाठी दिलं तो जन्मलाच नव्हता. खोटं म्हणावं तर ते शब्दन् शब्द खरं होतं. तिला वाटलं, पोतं रिकामंच आहे, आपणच त्यात शिरावं.

"म्हणजे मी खरंच बोल्लो, आज्जी?" तिने आशेने विचारलं. "मग पाप न्हाय न्हवं?"

"मनात काय हुतं?"

"खोटं."

"मंग लागलं," आज्जी म्हणाली. कर्मांच्या बाबतीत ती कुणालाच सूट देत नसे. मग ती उदयसिंहाकडे वळली. त्याच्या हातावर पांढरा चीक वाळून चिकटला होता. "आणि तू कशाला गेलतास, बाळ?"

"नुसता बघाय, आज्जी."

"पोतं घिऊन?" अनुजाने विचारलं.

उदयसिंह कुत्र्याकडे बघायला लागला. कुत्रं उठून बाहेर गेलं.

"निम्मी जाळी तोडली म्हंतोस," आज्जी पुढे म्हणाली. "सशाला चार पाय हुतं, त्यो पळाला असता. हिला पळाय येतंय व्हय? एवढं दिस सगळ्यांनी सशाचा घोर लावून घेतला. हिचा कुणी इचार केला न्हाय." तिने पानाला हात जोडले आणि ती न जेवताच उठली. ऊन गेलं होतं.

ही गोष्ट रुचिताला सगळ्यांत जास्त लागली. आज्जीचा दिवस उपाशी गेला आणि तक्त्यात जी 'नुसतीच उभी' होती, ती तिने दिलेल्या पत्त्यावर तोडली गेली. रात्रभर तिला तो लाल पेन आठवत राहिला.

सोमवारी वाटलं, निदान शाळेत तरी सगळं विसरलं असेल. तर मॅडमनी वर्गात शिरल्या शिरल्या तिला उभं केलं. मॅडमच्या हातात बाणांचा फोटो होता, छापून आणलेला.

"मी चार दिवस विचार करत होते," त्या म्हणाल्या. "फोटो चुकला, ते सोपं आहे. पण चुकलंय हे कळल्याबरोबर, सगळं गाव हसेल हे माहीत असताना, या मुलीने ते जाहीर केलं. यालाच वैज्ञानिक वृत्ती म्हणतात. जिल्ह्याच्या प्रदर्शनाला रुचिताचंच नाव जाईल. विषय: चूक शोधावी कशी आणि मान्य करावी कशी."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. राजवीरनेसुद्धा, जरा उशिरा. अनुजा मात्र बाकाखाली काहीतरी पडल्यासारखी वाकली आणि वाकूनच राहिली.

रुचिताला दिसत होतं, की नुसतं गप्प बसलं तरी पुरे. नाव परत मिळालं होतं, मॅडम खूश होत्या, कुणाचा जीव जात नव्हता. तिने तोंड घट्ट मिटलं. पण गेल्या वर्षभरात त्या तोंडाला मिटायची सवय राहिली नव्हती.

"मॅडम," ती म्हणाली, "तसं नाही झालं. आधी मी मान्य केलं. मग मला कळलं."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "घाबरलीस तू. उलटं म्हणायचंय तुला. आधी कळलं, मग मान्य केलं."

"नाही मॅडम. सुलटंच म्हणतेय."

आणि तिने सगळं सांगितलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, टाकी, बाण, पोतं, खोड. उदयसिंहाचं नाव तिने 'एक पाव्हणे' असं केलं, पण अनुजाचे कान लाल झाल्यामुळे ते पाव्हणे कोण हे सगळ्यांना कळलं. आरशाचा भाग तिने गाळायचं ठरवलं होतं, तोही निसटला. बोलताना ती बाकावरच्या एका खिळ्याकडे बघत होती.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "तू मला खोटं सांगायला गेलीस. आणि तेही तुला जमलं नाही."

"हो मॅडम."

"खाली बस."

त्या रागावल्या होत्या की हसू दाबत होत्या, हे कळायला मार्ग नव्हता, कारण त्या फळ्याकडे वळल्या होत्या आणि बराच वेळ काही न लिहिता नुसता खडू धरून उभ्या होत्या. शेवटी त्यांनी सांगितलं, की प्रदर्शनाला राजवीरचा ऊस आणि उंदीर जाईल. राजवीर उठून दोन्ही हात वर करून सगळ्या वर्गाला दाखवून आला.

मधल्या सुट्टीत रुचिता मैदानाच्या भिंतीशी एकटीच बसली. अनुजा पाणी आणायला गेली होती. राजवीर आला. आधी तो इकडून तिकडे गेला, मग तिकडून इकडे, मग जवळ येऊन उभा राहिला. करवंदी म्हणाला नाही. झाडूही काढला नाही.

"रुचिता," तो हळूच म्हणाला, "जरा काम होतं तुझ्याकडं."

"बोल."

"तुला आता अनुभव हाय म्हणून विचारतो." त्याने खिशातून फोटो काढला आणि कुणी बघत नाही याची खात्री करून तिच्यापुढे धरला. उसाच्या दोन सऱ्यांच्या मधे काहीतरी तपकिरी, गोलसर, शेपटीसकट बसलं होतं. "ह्यो उंदीरच हाय न्हवं?"

रुचिताने फोटो उजेडाकडे धरला. आधी सरळ, मग आडवा. शेपटीच्या मुळाशी बघितलं, तर ती शेपटी दुसऱ्या टोकाला उसाच्या बुडख्यात शिरली होती. ते मूळ होतं. बाकीचं मातीचं ढेकूळ होतं.

 राजवीर तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याचा रंग हळूहळू उतरत चालला होता. तो रंग रुचिताच्या ओळखीचा होता. चार दिवसांपूर्वी कढीच्या पातेल्याशेजारी, फरशीवर, खोडासमोर बसलेली असताना तिचाही असाच उतरला होता. तिला हसायचं होतं, पण हसू येईना. तिने सरकून भिंतीशी त्याला जागा करून दिली.

"मॅडमनी नाव धाडलंय," राजवीर बसत म्हणाला. "आजोबा आता पेढं वाटणार."

"मग आता जाऊन मान्य कर," रुचिता म्हणाली आणि फोटो त्याच्या हातात परत दिला. "निदान तुला आधी कळलंय."